पोट मुलाचं दुखतंय, मग आम्ही सगळ्यांनी कशाला यायचं?

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. तासगाव तालुक्यात द्राक्षबाग, एकत्र कुटुंब. मुलगा 16 वर्षांचा. दहावीला चांगले मार्क पडले, अकरावीला सांगलीत ॲडमिशन घेतली आणि दिवाळीनंतर कॉलेज सुटलं. सकाळी पोटात कळ येते, एसटी चुकते, दुपारी पोरगं बरं असतं. मिरजेत सोनोग्राफी, एंडोस्कोपी, रक्त-लघवी सगळं झालं, रिपोर्ट नॉर्मल. शेवटी डॉक्टरांनी फॅमिली थेरपी घ्यायला सांगितलं. मिस्टर म्हणतात, "दुखतंय पोराचं, मला कशाला बोलावतात?" सासूबाई म्हणतात, घरातलं चारचौघांत कशाला न्यायचं. ताईंचं विचारणं असं, की मुलाला एकट्यालाच पाठवलं तर चालणार नाही का? सगळे गेलो तर भांडणंच वाढतील ना?

ताई, मी गेली 21 वर्षं सांगलीत कुटुंबांबरोबर हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या तिघांच्या तीन शंकांच्या तळाशी मला एकच काळजी दिसते. तिथं गेल्यावर खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार? वडिलांना वाटतं, मी घरी वेळ देत नाही हे निघणार. आजीला वाटतं, म्हातारीची ढवळाढवळ निघणार. आईला तर कुणी काही म्हणायच्या आधीच वाटत असतं की माझंच चुकलं. "आईनंच लाडावून ठेवलंय" हे तुम्ही आत्तापर्यंत कितीदा ऐकलं असेल, याचा मला अंदाज आहे. माझ्यासमोर खुर्चीत बसलेल्या पहिल्या दहा मिनिटांत बहुतेक आया हेच ऐकायची तयारी करून आलेल्या असतात. पदर नीट करतात, पर्स मांडीवर घट्ट धरतात आणि मी काही विचारायच्या आत खुलासे द्यायला लागतात.

म्हणून हे आधी सांगते. कुटुंबाला बोलावतात ते गुन्हेगार शोधायला नाही. मुलाच्या दुखण्याभोवती घरात रोज काय काय घडतं, ते बघायला बोलावतात. ते एकट्या मुलाला विचारून कळत नाही, कारण त्यालाही ते दिसत नसतं. घरात राहणाऱ्या कुणालाच दिसत नसतं.

तुमच्या घरातली सकाळ मी पाहिलेली नाही, पण अशा शंभरेक सकाळी ऐकल्या आहेत. सहा वाजता आई दारात उभी राहून विचारते, "कसं वाटतंय रे आज पोटात?" मुलगा अजून पुरता जागाही झालेला नसतो, तो पोटाकडं लक्ष देतो आणि काहीतरी जाणवतंच. आजी ओवा घेऊन येते. बागेतून वडिलांचा फोन येतो, "उठला का?" आई आवाज खाली करून म्हणते, "दुखतंय म्हणतोय." पलीकडून आवाज चढतो. तो आवाज मुलाला ऐकू जातो आणि कळ वाढते. एसटी जाते. साडेआठ वाजता घर शांत होतं आणि नऊ वाजता पोटही शांत होतं. यात वाईट कोण आहे? आई काळजीनं विचारते, आजी मायेनं ओवा देते, वडिलांना पोराच्या वर्षाची धास्ती आहे. प्रत्येकजण चांगल्यासाठीच करतोय आणि तरी रोज चाक तिथंच फिरून येतंय. ते चाक कुठं थोडं अडवलं तर थांबेल, हे सगळ्यांनी मिळून शोधायचं, हे फॅमिली थेरपीचं काम.

आणि दुखणं खरं आहे, हे मिस्टरांना जरूर सांगा. "रिपोर्ट नॉर्मल म्हणजे नाटक" हा समज मी दर आठवड्याला ऐकते आणि दर वेळी मला त्या मुलांचं वाईट वाटतं. आतड्यांचा आणि मेंदूचा मज्जातंतूंमार्फत सतत संबंध चालू असतो. भीती वाटली की पोटात गोळा येतो, हे आपण बोलताना सहज म्हणतो, तो गोळा खरोखर येतो. सोनोग्राफीत तो दिसत नाही इतकंच.

आता एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन घरांचे तपशील एकत्र केले आहेत.

वाळवा तालुक्यातलं उसाचं घर. 15 वर्षांची मुलगी. तिची दातखिळी बसायची. हात वळायचे, डोळे मिटायचे, दहा-पंधरा मिनिटांनी शुद्धीवर यायची. ईईजी झाला, मेंदूचं स्कॅनिंग झालं, फिटचा आजार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. मध्ये बाहेरचं बघून झालं, अंगारा झाला, दोन अमावास्या झाल्या. मग माझ्याकडं आले. आई, वडील, आजी आणि मुलगी. खोलीत चार खुर्च्या ओळीनं होत्या. कुणी काही ठरवलं नव्हतं, पण मुलगी आई आणि वडिलांच्या मधल्या खुर्चीत बसली. मी मुलीला विचारलं, "कितवीत आहेस गं?" उत्तर आईनं दिलं. हे मी मनात नोंदवून ठेवलं.

दुसऱ्या भेटीत बोलता बोलता विषय वाटणीवर गेला. धाकट्या दिराला वस्तीवरचा पाऊण एकर गेला होता आणि नवऱ्यानं बायकोला न विचारता सही केली होती. आई म्हणाली, "मला कोण विचारतंय या घरात?" वडिलांनी मान वळवली, जबडा आवळला. त्या क्षणी माझं लक्ष मुलीच्या हातांकडं होतं. तिचा अंगठा आत वळला, मग बोटं त्यावर मिटली, मग मनगट वळायला लागलं. आई लगेच तिच्याकडं वळली, वडील उठून पाणी आणायला गेले, आजी तळवे चोळायला लागली. वाटणीचा विषय जिथल्या तिथं राहिला. पाच मिनिटांत मुलगी सावरली. तेव्हा मी एवढंच म्हटलं, "आत्ता काय झालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं का?"

कुणी काही बोललं नाही. मग आजी म्हणाली, "ही दोघं भांडाय लागली की हिला हुतंय."

इतके महिने त्या बाईनं ते पाहिलं होतं, पण तिला कुणी विचारलंच नव्हतं. मुलगी मुद्दाम करत नव्हती. तिच्या शरीरानं एक काम अंगावर घेतलं होतं, आई-वडिलांचं भांडण तुटेपर्यंत ताणू न देण्याचं. पंधरा वर्षांच्या मुलीला ते काम फार जड होतं. तिसऱ्या भेटीला मी तिची खुर्ची मधून काढून माझ्या शेजारी ठेवली. आई-वडिलांना समोरासमोर बसवलं आणि वाटणीचा विषय आज पुरा करायचा असं सांगितलं. मुलीला म्हटलं, "हे त्यांचं काम आहे. ते त्यांना जमतंय का, हे बघायला मी आहे. तुझ्यावर आता ते नाही." तिनं हात मांडीवर सपाट ठेवले होते, बोटं ताणून. वडील चाचरत बोलले. आईला रडू आलं. शेवटी वडिलांनी मान्य केलं की विचारायला पाहिजे होतं. भांडण मिटलं असं नव्हे. पण ते दोघांत राहिलं आणि मुलीचे हात वळले नाहीत.

पुढं सात महिने लागले. मध्ये दोनदा दातखिळी बसली, एकदा परीक्षेच्या आदल्या रात्री. शिवाय मुलीबरोबर माझ्या वेगळ्या भेटी झाल्या, कारण तिची स्वतःचीही काही दुखणी होती, मैत्रिणींतली, अभ्यासातली. ती सगळी घराच्या खात्यावर टाकता येत नाहीत.

दुखणं एकट्याचं न बघता घरासकट बघायच्या या विचाराची सुरुवात 1950 च्या दशकातली. अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी रुग्णाबरोबर अख्ख्या कुटुंबाला रुग्णालयात ठेवून अभ्यास केला. दोघांमधला ताण वाढला की तिसऱ्याला मध्ये ओढलं जातं, असं त्यांना दिसलं आणि त्याला त्यांनी त्रिकोण म्हटलं. मूळचे अर्जेंटिनाचे साल्व्हाडोर मिनुशिन यांनी पुढं घराची रचना बघायला शिकवलं. कोण कुणाच्या बाजूनं बोलतं, आई-वडील आणि मुलं यांच्यात रेघ आहे की पुसून गेली आहे, हे ते बघत. बसायच्या जागा बदलायची पद्धत त्यांच्याकडूनच आम्हाला मिळाली. पण घरच्यांना उपचारात घेणं हे काही आपल्याला बाहेरून आलेलं नाही. त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू देऊन रुग्णासोबत राहायला बोलावलं होतं. आज बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत कुटुंबांसाठी वेगळं केंद्र आहे. आपल्याकडं तर दवाखान्यात माणूस एकटा कधी जातच नाही. मिरजेच्या कुठल्याही ओपीडीत एका पेशंटमागं तीन माणसं बसलेली दिसतात. आम्ही त्या तिघांना बाकावरून आत बोलावतो.

आता आत काय होतं ते सांगते, म्हणजे मिस्टरांची धाकधूक कमी होईल. भेट साधारण तास-सव्वा तासाची. पहिल्या वेळी मी प्रत्येकाला एकच गोष्ट विचारते, "तुमच्या मते अडचण काय आहे?" आजीलाही विचारते आणि घरात आठ वर्षांची धाकटी असेल तर तिलाही. मग कागदावर घराचा नकाशा काढते. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी गोल, तीन पिढ्या. कोण कधी गेलं, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, कोण कुणाच्या जवळचं. एरवी गप्प बसणारे पुरुष या कागदावर मात्र वाकून बघतात. "आमचे थोरले चुलते राहिले की" म्हणत स्वतः पेन मागतात. एकावेळी एकानंच बोलायचं आणि मधे तोडायचं नाही, एवढा नियम. जे बोललं जातं ते खोलीतच राहतं. त्याला अपवाद दोनच, ते पहिल्याच दिवशी सांगते. कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर. त्यात 2012 च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. सासूबाईंना एवढं नक्की सांगा, की चारचौघं म्हणजे भावकी आणि गल्ली. थेरपिस्टच्या खोलीत भावकी नसते.

भांडणं वाढतील का? सुरुवातीला थोडी वाढू शकतात, हे मी लपवणार नाही. जे वर्षानुवर्षं बोललं गेलं नाही ते बोललं गेलं की घरी जाताना गाडीत शांतता असते, कधी धुसफूस असते. म्हणून मी भेटीचा शेवटचा वेळ राखून ठेवते. आज जे निघालं त्यातलं काय घरी बोलायचं आणि काय पुढच्या भेटीपर्यंत इथंच ठेवायचं, हे ठरवूनच उठायचं.

एकत्र न बसणंच बरं, अशीही घरं असतात. घरात मारहाण असेल, तर नवरा-बायकोला एका खोलीत बसवून "मोकळं बोला" म्हणणं धोक्याचं आहे. ती जे बोलेल त्याची किंमत तिला रात्री मोजावी लागते. तिथं आधी तिची सुरक्षितता, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचं संरक्षण, स्वतंत्र समुपदेशन; एकत्र बसायचं की नाही, ते फार नंतर. कुणी दारू पिऊन आलं तर ती भेट होत नाही. कुणाला भास होत असतील, झोप पूर्ण उडाली असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ आणि औषध. औषध सुरू झाल्यावर मात्र घरच्यांचा मोठा उपयोग होतो. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की स्किझोफ्रेनियाचा रुग्ण सतत टोचून बोलणाऱ्या किंवा त्याला सतत कुशीत धरणाऱ्या घरात परतला तर आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं. घरच्यांना बोलण्याची पद्धत बदलायला शिकवलं की ते प्रमाण कमी होतं.

तुमच्या बाबतीत मला एक गोष्ट आधी तपासून घ्याविशी वाटते. तुमच्या भागातल्या द्राक्षबागायतदारांच्या घरांतून मी हे पाहिलेलं आहे. गेल्या दोन हंगामांत पैशाचं काही झालं का? अवकाळीनं घड गेले, वेलीवर डाऊनी रोग आला, व्यापारी पैसे बुडवून गेला, सोसायटीचं कर्ज थकलं, असं काही? वडील रात्री उठून ओसरीवर बसतात का? मुलांना आपण काही सांगत नाही, पण भिंतीपलीकडून त्यांना सगळं ऐकू येतं. कधी कधी मूल घरी थांबतं ते घरातल्या कुणावर तरी लक्ष ठेवायला. आपण कॉलेजला गेलो आणि मागं काही झालं तर, ही भीती ते कुणाला सांगत नाही. तुमच्याकडं असंच आहे असं मी म्हणत नाही. कारण अगदी साधंही असू शकतं. मराठी माध्यमातून आलेल्या पोराला अकरावी सायन्सचं इंग्रजी झेपत नसेल, वर्गात कुणी "गावाकडचा" म्हणून चिडवत असेल. पण मुलाला एकट्याला शांतपणे हे विचारलं गेलं पाहिजे आणि वडिलांनाही. मुलगा किंवा वडील कुणीही "जगून काय करायचं" अशा अर्थाचं बोलले असतील तर थांबू नका. 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, चोवीस तास चालू असतो. फोन करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.

मिस्टर नाहीच आले तर? तरी सुरू करता येतं. तुम्ही, मुलगा आणि सासूबाई एवढ्यानंही सुरुवात होते. घरातल्या एकानं आपली रोजची चाल बदलली की बाकीच्यांना आपली चाल तशीच ठेवता येत नाही. विट्याकडची एक सून माझ्याकडं वर्षभर येत होती. नवरा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात तमिळनाडूत, घरी यायचा दिवाळीला आणि जत्रेला. सासू-सून दोघींबरोबर काम केलं, त्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं, दुकानाच्या मागच्या बाजूला, मागं भट्टीचा आवाज. पहिल्या दोन वेळा तो फक्त "हां, हां" म्हणाला. तिसऱ्या वेळी म्हणाला, "मला घरात काय चाललंय ते भांडण झाल्यावरच कळतंय." तिथून ते घर बोलायला लागलं. मिस्टरांना "तुम्हाला थेरपी घ्यायची आहे" असं म्हणू नका. म्हणा, "पोराला तुमच्याशिवाय कुणी नीट ओळखत नाही, डॉक्टरांना तुमच्याकडून माहिती पाहिजे." हे खोटं नाही. मला खरोखरच ती माहिती लागते.

तुमचा मूळ प्रश्न, एकट्याला पाठवलं तर? त्यानं मुलाला काही बळ नक्की मिळेल. आपली भीती ओळखणं, ती आली की काय करायचं हे शिकणं, हे एकट्यालाही जमतं आणि ते हवंच आहे. पण तो परत त्याच सकाळीत येतो. कुटुंबाबरोबर काम केल्यानं सकाळ बदलते. शिवाय मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे, की ज्याच्यासाठी घर आलेलं असतं त्याच्याबरोबर आणखी कुणीतरी हलकं होऊन जातं. बहुतेक वेळा ती आई असते. कधी एखादे वडील असतात, ज्यांना "तुम्हाला काय वाटतं?" हे आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारलेलं असतं.

किती दिवस लागतील ते घरावर अवलंबून आहे. माझ्याकडं साधारण आठ ते बारा भेटी होतात, आधी आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी. कुणाकडं जायचं हे ठरवताना पाटी बघू नका, शिक्षण विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा, सायकियाट्रिक सोशल वर्कर असेल तर प्रशिक्षण कुठं झालं ते विचारा आणि कुटुंबांबरोबर काम केलंय का, हे स्पष्ट विचारा. विचारलं म्हणून चांगला माणूस रागावत नाही. फी परवडत नसेल तर सांगली-मिरजेच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

तोवर उद्यापासून दोनच गोष्टी करा. सकाळी पोटाबद्दल विचारू नका. "सहा वाजले, चहा ठेवलाय" एवढंच म्हणा. दुखलं तर तो सांगेल आणि सांगितलं तर "हो, दुखतंय ना, तोंड धुवून ये, मग बघू" म्हणा. आणि कॉलेज पूर्ण सुटू देऊ नका. जितके दिवस घरी जातात तितकं परत जाणं अवघड होतं, हे या दुखण्याचं पक्कं आहे. पूर्ण दिवस नको, एक तास जाऊ दे, प्रॅक्टिकलपुरतं जाऊ दे. वर्गशिक्षकांना भेटून तेवढी सवलत मागा. पहिले चार दिवस वडिलांनी गाडीवर सोडलं तर फारच चांगलं, फक्त वाटेत उपदेश नको.

माल उतरायचे दिवस आहेत, मिस्टरांना सकाळी जमणार नाही, हे मला कळतं. गाडी भरून गेल्यानंतरची, दुपारी चारची वेळ मागून घ्या. आम्हा थेरपिस्टांपैकी बरेच जण तेवढं जमवतात. येताना मिरजेची फाईल सगळी घेऊन या, म्हणजे झालेल्या तपासण्या परत कुणी सांगणार नाही.